केंब्रिजची जीवरसायनशाळा

अध्यापन आणि संशोधन या एकाच घरांतील दोन सवती असून एकीचें कौतुक केलें कीं दुसरी रुसते, अशा थाटानें आपल्याकडे विद्यापीठांविषयींची चर्चा चालते. कोणी म्हणतो, प्राध्यापकानें वर्गांत शिकवावें, उत्तरपत्रिका तपासाव्या आणि नवें ज्ञान मिळविण्याचें काम त्यासाठीं नेमलेल्या संस्थांवर सोंपवावें. कोणी म्हणतो, ज्यानें स्वतः कांहीं शोधलें नाहीं त्याला दुसऱ्यास शिकविण्याचा अधिकारच काय? दोन्ही पक्षांचे वकील हुशार आहेत. परंतु वाद बहुधा हवेंतल्या हवेंत चालतो. अशा वेळीं एखाद्या खऱ्या विद्याशाखेची हकीकत नीट पाहिली तर तत्त्वचर्चेपेक्षां अधिक उजेड पडण्याचा संभव असतो. केंब्रिज विद्यापीठांतील जीवरसायनशाखा ही तशी एक शाखा आहे. सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनीं तिचा पाया घातला आणि १८९८ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षें, तिचें पालनपोषण केलें. त्या काळाचाच विचार येथें मुख्यतः कर्तव्य आहे. आपल्या महाराष्ट्राशींही या हकीकतीचा एक धागा जुळलेला आहे. तो ओघानें पुढें येईलच.

जीवरसायन म्हणजे सजीवांच्या शरीरांत अहोरात्र चालणाऱ्या रासायनिक घडामोडींचें शास्त्र. आज वैद्यक, शेती, आहार आणि औषधें या सर्वांना त्याचा आधार लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र इंग्लंडांत त्याला स्वतःचें असें घर नव्हतें. शुद्ध स्फटिकांशीं व्यवहार करणारे रसायनशास्त्रज्ञ रक्त, पित्त आणि मूत्र यांच्या रसायनाकडे नाक मुरडून पाहत. आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञांचें लक्ष स्नायूंचें आकुंचन, नाडीचे ठोके, मज्जातंतूंचे संदेश अशा यंत्रानें मोजतां येणाऱ्या गोष्टींकडे असे. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांना ही उणीव जाणवली, आणि १८९८ सालीं त्यांनीं लंडनहून हॉपकिन्स यांना आपल्या शाखेंत या विषयाचें रासायनिक अंग शिकविण्यासाठीं बोलावून घेतलें.

फॉस्टर यांची ही निवड धाडसाची होती. हॉपकिन्स यांचा जन्म १८६१ चा. म्हणजे केंब्रिजला आले तेव्हां त्यांनीं तिशी केव्हांच ओलांडली होती, आणि त्यांचा तोंवरचा मार्ग विद्यापीठाच्या राजरस्त्यानें गेलेला नव्हता. वडील लहानपणींच वारले. सतराव्या वर्षीं शाळा सुटली आणि घरच्या मंडळींनीं त्यांना एका विमाकचेरींत चिकटवून दिलें. तेथें कांहीं महिने काढल्यावर ते रासायनिक पृथक्करणाच्या धंद्यांत शिरले, आणि पुढें लंडनच्या गाय रुग्णालयांत सरकारतर्फें विषप्रयोगाच्या खटल्यांतील पृथक्करण करणाऱ्या स्टीव्हन्सन यांच्या हाताखालीं राहिले. आरोपी फांसावर जाईल कीं सुटेल हें ज्याच्या तराजूवर अवलंबून असतें, त्याला अजमासानें बोलण्याची संवय राहत नाहीं. वैद्यकाच्या अभ्यासास त्यांनीं आरंभ केला तो सत्ताविशीच्या सुमारास, आणि डॉक्टर झाले ते १८९४ सालीं. मधल्या काळांत फुलपांखरांच्या पंखांतील पांढरा व पिवळा रंग कशाचा असतो हें शोधण्याचा छंद त्यांना जडला होता. असा मनुष्य आपल्याकडे नोकरीसाठीं अर्ज करता तर वयाच्या अटीवरच त्याचा अर्ज बाजूला पडता.

केंब्रिजनें त्यांना वर्षाला २०० पौंड देऊं केले. त्यांत संसार चालेना, म्हणून एमॅन्युएल कॉलेजांतील विद्यार्थ्यांना शिकविण्याचें जादा काम त्यांना पत्करावें लागलें. दिवसाचा मोठा भाग शिकविण्यांत जाई आणि उरेल तेवढा वेळ संशोधनाला मिळे. येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणी म्हणेल कीं, अध्यापनानें संशोधनाचा गळा दाबला जातो याला आणखी पुरावा तो कोणता हवा? परंतु त्यांच्या पहिल्या मोठ्या शोधाचा उगम या उरलेल्या वेळांत नाहीं. तो विद्यार्थ्यांच्या वर्गांत आहे.

प्रथिनें ओळखण्याची एक परीक्षा त्या वेळीं सर्वत्र प्रचलित होती. आडामकिएविच या शास्त्रज्ञानें पंचवीसएक वर्षांपूर्वीं ती सांगून ठेविली होती. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा प्रथिनयुक्त पदार्थ तीव्र अ‍ॅसेटिक आम्लांत मिसळावा आणि त्यांत जपून गंधकाम्ल सोडावें, कीं जांभळा रंग उमटतो. ही परीक्षा वर्गांतील मुलांकडून दरसाल करून घेतली जाई. एके दिवशीं जॉन मेलनबी नांवाच्या विद्यार्थ्याच्या नळींत कांहीं केल्या रंग येईना. प्रथिन तेंच, गंधकाम्ल तेंच, कृति तीच. पण रंग नाहीं.

अशा प्रसंगीं आपल्या प्रयोगशाळांतून काय घडतें तें वाचकांपैकीं ज्यांनीं विज्ञानाचा अभ्यास केला आहे त्यांना ठाऊक आहे. मुलगा शेजारच्या नळींत डोकावतो, वहींत 'जांभळा रंग दिसला' असें लिहितो, आणि त्याखालीं प्रयोगशिक्षकाची सही होते. सही करणाराला चाळीस वह्या तपासावयाच्या असतात; त्याला सर्वस्वीं दोषही देववत नाहीं. हॉपकिन्स यांनाही वर्ग मोठा होता आणि वेळ थोडा होता. तरी पण रंग कां आला नाहीं, हा प्रश्न त्यांनीं वहीबरोबर मिटून टाकला नाहीं. आपले सहकारी सिडनी कोल यांना बरोबर घेऊन त्यांनीं त्या न येणाऱ्या रंगाचा पाठलाग केला. तेव्हां असें आढळलें कीं, अ‍ॅसेटिक आम्लाच्या कांहीं बाटल्यांनीं रंग येतो आणि कांहींनीं येत नाहीं. आणि गंमत अशी कीं, आम्ल जितकें शुद्ध तितका रंग येण्याची आशा कमी! रंग आणणारें द्रव्य अ‍ॅसेटिक आम्ल नव्हेच. त्यांत लेशमात्र मिसळलेलें ग्लायॉक्सिलिक आम्ल हें त्याचें खरें कारण. म्हणजे जी परीक्षा पाव शतक जगभर चालली होती ती आम्लाच्या गुणानें नव्हे, तर त्यांतील मळाच्या गुणानें चालली होती.

इतकें कळल्यावर दुसरा प्रश्न आपोआप पुढें आला. हें आम्ल प्रथिनाच्या कोणत्या अंशाशीं संयोग पावून रंग देतें? दुधांतील केसीन हें प्रथिन स्वादुपिंडाच्या ट्रिप्सिन या पाचक द्रव्याकडून फोडवून घेऊन हॉपकिन्स आणि कोल यांनीं १९०१ सालीं त्यांतून ट्रिप्टोफेन हें द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें केलें. मग तिसरा प्रश्न: हें द्रव्य शरीराला खरोखर लागतें काय? मक्यांत झेइन नांवाचें प्रथिन असतें आणि त्यांत ट्रिप्टोफेन मुळींच नसतें. १९०६ च्या सुमारास एडिथ विलकॉक या बाईंच्या साहाय्यानें हॉपकिन्स यांनीं लहान उंदरांना प्रथिन म्हणून केवळ झेइन खाऊं घातलें. ते लौकर मेले. झेइनबरोबर थोडें ट्रिप्टोफेन दिलें तेव्हां त्यांची वाढ झाली नाहीं खरी, पण ते स्पष्टपणें अधिक दिवस जगले. शरीराला प्रथिनें किती पाहिजेत एवढेंच पाहून भागत नाहीं, तीं कोणच्या घटकांचीं बनलीं आहेत हेंही पाहावें लागतें, ही आज शाळेंतील मुलांनाही ठाऊक असलेली गोष्ट या उंदरांनीं प्रथम इतक्या स्वच्छपणें दाखविली.

चौथा प्रश्न सर्वांत मोठा ठरला. शुद्ध प्रथिन, शुद्ध पिष्ट, साखर, चरबी आणि क्षार हे सर्व योग्य प्रमाणांत दिले तरी प्राणी वाढतील काय? १९१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हॉपकिन्स यांनीं कोवळ्या उंदरांचे दोन गट केले. दोघांनाही तेंच कृत्रिम अन्न. मात्र एका गटाला दर उंदरामागें रोज दोनतीन घनसेंटिमीटर दूध. दूध मिळालेले उंदीर भराभर वाढूं लागले आणि दुसऱ्यांची वाढ खुंटून वजन उतरूं लागलें. अठराएक दिवसांनीं दुधाची पाळी बदलली, त्याबरोबर दोन्ही गटांचें दैवही पालटलें. दुधाचीं तीं थोडीं टिपकीं पोषणाच्या हिशेबांत नगण्य होतीं; तेव्हां त्यांत अत्यल्प प्रमाणांत असलेलें दुसरेंच कांहीं तरी शरीराला अवश्य असलें पाहिजे, असें अनुमान निघालें. आज आपण त्याला जीवनसत्त्वें म्हणतों.

या शोधाचें सगळें श्रेय हॉपकिन्स यांच्या पदरांत घालणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. जावा बेटांत आइकमान यांनीं सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो हें आधींच पाहिलें होतें, आणि १९२९ चें नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळून देण्यांत आलें. दुसरी गोष्ट, इतक्या थोड्या दुधानें इतका मोठा परिणाम झालेला दुसऱ्या प्रयोगशाळांतून सहजासहजीं आढळेना, आणि त्यावरून पुष्कळ वाद माजला. हॉपकिन्स यांच्या आंकड्यांविषयीं शंका घेणारे लोक वेडे नव्हते. असो. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच कीं, एका विद्यार्थ्याच्या रिकाम्या नळीपासून निघालेली ही वाट दहाबारा वर्षांत मानवी आहाराच्या शास्त्रापर्यंत येऊन पोहोंचली, आणि मध्यें ती कोठेंही तुटलेली नाहीं.

या श्रमांनीं हॉपकिन्स यांची प्रकृति ढांसळली. १९१० सालीं ट्रिनिटी कॉलेजनें त्यांना फेलो करून घेतलें आणि शिकवण्यांच्या जोखडांतून सोडविलें. तेव्हां अध्यापनाचा भार अतोनात झाला तर तो मारक होतो हेंही या हकीकतीवरून खरें ठरतें; मी कोणत्याही एका पक्षाचा वकील नाहीं. १९१४ सालीं जीवरसायनाची स्वतंत्र प्राध्यापकी निर्माण होऊन ते तिच्यावर नियुक्त झाले. शाखेला जागा मिळाली ती बाल्फर प्रयोगशाळेची. ही इमारत मुळांत एक जुनें प्रार्थनामंदिर. विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत स्त्रियांना मोकळेपणानें प्रवेश नसल्यामुळें न्यूनहॅम आणि गर्टन या स्त्रियांच्या कॉलेजांनीं १८८४ पासून ती आपल्या विद्यार्थिनींसाठीं चालविली होती. पुढें विद्यापीठाचे दरवाजे थोडे किलकिले झाले, आणि रिकामी झालेली ती जागा जीवरसायनाच्या वांट्यास आली.

जागेबरोबर जागेची परंपराही आली असें म्हणावयास हरकत नाहीं. हॉपकिन्स यांच्या हाताखालीं जितक्या स्त्रियांनीं काम केलें तितक्या त्या काळच्या दुसऱ्या शास्त्रशाखांत क्वचितच आढळतील. फुलांच्या रंगद्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या म्यूरिएल ऑन्स्लो, स्नायूंच्या रसायनावर आयुष्य वेंचणाऱ्या डोरोथी नीडहॅम आणि सूक्ष्म जंतूंच्या जीवनक्रियांचें शास्त्रच उभें करणाऱ्या मार्जरी स्टीव्हन्सन हीं त्यांतलीं ठळक नांवें. यांतील शेवटच्या बाईंची गोष्ट बोलकी आहे. त्यांचा 'बॅक्टीरियल मेटाबॉलिझम' हा ग्रंथ १९३० सालीं निघाला आणि त्या विषयांत प्रमाण मानला गेला. तरीही विद्यापीठाच्या अध्यापकवर्गांत त्यांचें नांव दाखल व्हावयास १९४३ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत त्यांचें वेतन मेडिकल रिसर्च कौन्सिलकडून येई. दोनच वर्षांनीं, १९४५ सालीं, रॉयल सोसायटीनें प्रथमच दोन स्त्रियांना सभासद करून घेतलें त्यांतल्या त्या एक. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना १९२१ पासून पदवीचें नुसतें नांव देत असे. पदवीबरोबरचे सर्व हक्क मिळाले ते १९४८ सालीं. शाखा विद्यापीठापेक्षां पंचवीस वर्षें पुढें होती, पण शाखेला विद्यापीठाचा कायदा बदलतां येत नव्हता.

शाखेचें दैव खऱ्या अर्थानें उजळलें तें सर विल्यम डन या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रामुळें. दक्षिण आफ्रिकेच्या व्यापारांत धन मिळवून हे गृहस्थ १९१२ सालीं वारले आणि उरलेली संपत्ति लोकांचीं दुःखें हलकीं करण्याकडे लावावी अशी व्यवस्था करून गेले. विश्वस्तांनीं प्रथम हा पैसा चाराचारांत वांटावयास आरंभ केला होता. त्यांना या दानाची दुसरी दिशा दाखविली ती वॉल्टर मॉर्ली फ्लेचर यांनीं. फ्लेचर हे हॉपकिन्स यांचे जुने सहकारी. स्नायु थकला कीं त्यांत दुग्धाम्ल सांठतें हें या दोघांनीं १९०७ सालीं मिळून दाखविलें होतें. आणि आतां ते मेडिकल रिसर्च कौन्सिलचे सचिव होते. रोग्याला एक दिवस जेवूं घालण्यापेक्षां रोगाचें मूळ शोधणें हें अधिक टिकाऊ दान आहे, हें त्यांनीं विश्वस्तांच्या गळीं उतरविलें. केंब्रिजच्या जीवरसायनाला दोन लाखांहून अधिक पौंड मिळाले आणि १९२४ सालीं नवी इमारत उघडली. त्याच निधींतून ऑक्सफर्ड येथें रोगनिदानशास्त्राची एक शाळा निघाली. तिचा उल्लेख पुन्हां एकदां येणार आहे.

येथून पुढें या हकीकतींत एक पेंच आहे, आणि माझ्या मतें तोच सर्वांत विचार करण्याजोगा आहे. जीवनसत्त्वांच्या शोधाचा एक कर्ता या संस्थेचा प्रमुख. त्या शोधाकडे पाहूनच धनिकांनीं थैली मोकळी केली. तेव्हां साहजिकच फ्लेचर यांची अपेक्षा अशी कीं, येथें आहाराचें आणि जीवनसत्त्वांचें काम जोरानें चालावें. प्रत्यक्षांत त्या इमारतींत काय चाललें होतें? जोसेफ नीडहॅम अंड्यांतील गर्भाचें रसायन पाहत होते. मार्जरी स्टीव्हन्सन जंतु वाढवीत होत्या. जे. बी. एस. हॉल्डेन एन्झाइमांच्या वेगाचें गणित मांडीत होते. पुढें रॉबिन हिल यांनीं पानांतील हरितकण बाहेर काढून उजेडांत ठेविले तर ते प्राणवायु सोडतात हें दाखविलें. जीवनसत्त्वांचें काम त्या मानानें थोडेंच. इतकेंच नव्हे, तर ही मंडळी १९२३ पासून दरसाल 'ब्रायटर बायोकेमिस्ट्री' नांवाचें एक विनोदी वार्षिक काढीत आणि त्यांत आपली व आपल्या शास्त्राची यथेच्छ थट्टा करीत. फ्लेचर यांना हा सर्व पसारा पाहून राग आला आणि त्यांनीं तो बोलूनही दाखविला.

त्यांचा राग अगदींच अनाठायीं नव्हता. हॉपकिन्स स्वभावानें भिडस्त. कोणाला 'हें करूं नका' म्हणणें त्यांच्या जिवावर येई. प्रत्येक होतकरू माणसाच्या कामांत त्यांना कांहीं तरी उज्ज्वल दिसे आणि तें सर्वच पुढें उज्ज्वल ठरलें असें नाहीं. कडक शिस्तीच्या जर्मन प्रयोगशाळांत प्राध्यापक प्रश्न वांटून देई आणि शिष्य उत्तरें आणून देत. तशी करडी व्यवस्था येथें नव्हती.

तरी पण हा पसारा विस्कळीत दिसला तरी निर्हेतुक नव्हता. त्यामागें एक सूत्र होतें, आणि तें हॉपकिन्स यांनीं १९१३ सालींच बर्मिंगहॅम येथील ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत स्पष्ट केलें होतें. त्या वेळीं पुष्कळ विद्वान असें मानीत कीं, पेशींत एक प्रचंड, गूढ असा जिवंत अणुसमुच्चय असतो आणि तो फोडला कीं जीव निघून जातो. म्हणून रसायनशास्त्राला तेथें प्रवेशच नाहीं. हॉपकिन्स म्हणाले, तसें नाहीं. पेशी ही एखाद्या गजबजलेल्या पेठेसारखी आहे असें आपण समजूं. तेली, कोष्टी, तांबट, सोनार ज्याच्या त्याच्या दुकानांत आपापलें काम करीत आहेत. एकाचा माल दुसऱ्याच्या दाराशीं जातो. आणि पेठ जिवंत असते ती या देवघेवीनें, कोण्या एका दुकानांत दडवून ठेविलेल्या मंत्रानें नव्हे. उपमा माझी आहे, पण आशय त्यांचा. साधींच द्रव्यें, साध्याच क्रिया, मात्र त्यांचा क्रम आणि वेग एन्झाइमें सांभाळतात. एकदां हें पटलें म्हणजे जंतु, अंडें, स्नायु आणि पान हे निरनिराळे विषय राहत नाहींत. तीं एकाच शहराचीं निरनिराळीं आळीं होतात. फ्लेचर यांना पैशाचें उत्तर हवें होतें आणि हॉपकिन्स यांना शास्त्राचें मूळ घालावयाचें होतें. काळानें पाहतां हॉपकिन्स यांचेंच म्हणणें अधिक दूरदर्शीपणाचें ठरलें असें मला वाटतें.

माणसें जोडण्याची त्यांची हातोटीही याच वृत्तींतून आली होती. १९२६ सालीं अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हा हंगेरियन संशोधक नोकरी जाऊन हताश झालेला होता. स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या परिषदेंत अध्यक्षस्थानावरून बोलणाऱ्या हॉपकिन्स यांच्या तोंडून आपलेंच नांव ऐकून तो चकित झाला. भाषणानंतर धीर करून भेटला, आणि केंब्रिजला येण्याचें आमंत्रण घेऊन परतला. केंब्रिजला येऊन त्यानें जें द्रव्य वेगळें केलें तेंच पुढें 'क' जीवनसत्त्व ठरलें आणि १९३७ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. जीवनसत्त्वांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल ज्या शाखेला बोल लागला तिनें एक जीवनसत्त्व असें आडवाटेनें जगाला दिलें.

१९३३ सालीं जर्मनींत हिटलरचें राज्य सुरू झालें आणि ज्यू प्राध्यापकांना एका फटकाऱ्यासरशीं काढून टाकण्यांत आलें. फ्रायबुर्गचे तरुण हान्स क्रेब्स त्यांतलेच. शरीरांत यूरिया कसा बनतो हें त्यांनीं नुकतेंच उलगडलें होतें. हॉपकिन्स यांनीं त्यांना त्याच उन्हाळ्यांत केंब्रिजला आणलें. दोन वर्षांनीं ते शेफील्डला गेले आणि १९३७ सालीं अन्नाच्या ज्वलनाचें जें चक्र त्यांनीं शोधलें तें आज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. दुसरा निर्वासित अर्न्स्ट चेन. तोही हॉपकिन्स यांच्याच आश्रयास आला. आणि ऑक्सफर्डच्या फ्लोरी यांनीं एखादा जीवरसायनज्ञ मागितला तेव्हां हॉपकिन्स यांनीं त्याचें नांव सुचविलें. चेन १९३५ सालीं ज्या संस्थेंत गेला ती वर सांगितलेली, डन यांच्याच पैशानें उभारलेली रोगनिदानशाळा. तेथें फ्लोरी आणि चेन यांनीं पेनिसिलिनला औषधाच्या योग्यतेस आणलें. लोकांचीं दुःखें हलकीं करावीं ही डन यांची इच्छा त्यांच्या दोन इमारतींच्या मधल्या वाटेवर अशी फळाला आली.

आतां वर्गाकडे परत वळूं. या शाखेंत संशोधकांचा एवढा राबता असतांही पदवीच्या विद्यार्थ्यांना दुय्यम लेखलें जात नसे. फ्रेडरिक सँगर नांवाचा एक मितभाषी विद्यार्थी अर्नेस्ट बाल्डविन यांच्या उत्साही शिकविण्यानें या विषयाकडे ओढला गेला आणि १९३९ सालीं पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला. तेव्हां त्याचें त्यालाच आश्चर्य वाटलें. हॉपकिन्स यांच्यानंतर १९४३ सालीं चिबनल हे प्राध्यापक झाले. त्यांनीं सँगर याला इन्शुलिनचें काम सुचविलें, आणि बारा वर्षांत या प्रथिनांतील प्रत्येक घटकाचा क्रम त्यानें लावून दाखविला. कोणत्याही प्रथिनाची इतकी संपूर्ण वंशावळ प्रथमच मांडली जात होती. सँगर यांना रसायनाचें नोबेल पारितोषिक दोनदां मिळालें, १९५८ आणि १९८० सालीं. शाखेच्या दोन इमारतींना आज हॉपकिन्स आणि सँगर यांचींच नांवें आहेत.

शिकविण्याचा आणखी एक प्रकार असतो. तो अभ्यासक्रमांत लिहिलेला नसतो. १९२१ सालीं हॉपकिन्स यांनीं ग्लूटाथायोन नांवाचें द्रव्य वेगळें करून त्यांत दोन घटक आहेत असें सांगितलें. पुढें दुसऱ्या संशोधकांनीं त्यावर शंका घेतली. अडुसष्ट वर्षांच्या हॉपकिन्स यांनीं सगळें काम स्वतः पुन्हां केलें, आणि घटक दोन नसून तीन आहेत, माझें पूर्वींचें विधान चुकीचें होतें, असें प्रसिद्ध केलें. तें साल १९२९. म्हणजे ज्या वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें तेंच. फुलपांखरांच्या रंगाविषयींचा तरुणपणचा निष्कर्षही जर्मन शास्त्रज्ञांनीं खोटा ठरविला होता. ऐंशी वर्षें उलटल्यावर ते पुन्हां त्याच पंखांकडे वळले. प्रयोगशाळेंतील तरुण मंडळी हें सर्व पाहत होती.

१९३७ सालीं या शाखेंत पूर्वेकडून कांहीं विद्यार्थी आले. त्यांत चीनमधील तिघे होते. त्यांपैकीं लू ग्वे-जेन या बाईंच्या सहवासानें जोसेफ नीडहॅम यांना चिनी भाषेचें वेड लागलें, आणि गर्भाच्या रसायनाचा हा पंडित अखेर चिनी विज्ञानाच्या इतिहासाचा महाग्रंथकार झाला. वांग यिंग-लाय या दुसऱ्या विद्यार्थ्यानें मायदेशीं परतल्यावर इन्शुलिन कृत्रिमरीत्या बनविण्याच्या कामाचें नेतृत्व केलें आणि १९६५ सालीं तें तडीस गेलें.

आणि त्याच सुमारास मुंबईहून कमला भागवत आल्या. विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत रसायन शिकलेले. कमलाबाईंनीं १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्याच संस्थेंत अर्ज केला तेव्हां संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहींत. समोर जाऊन कारण विचारलें आणि शेवटीं वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळविला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं दूध आणि कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. तें पाहून रामन यांचें मत बदललें आणि संस्थेचे दरवाजे स्त्रियांना खुले झाले. प्रकाशाच्या किरणांविषयीं एवढी सूक्ष्म दृष्टि असलेल्या पुरुषालाही ही साधी गोष्ट दिसावयास एक वर्ष लागलें!

केंब्रिजला त्यांना अशी झटापट करावी लागली नाहीं. तेथें त्यांनीं प्रथम डेरेक रिख्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केलें. पेशींच्या श्वसनाला आवश्यक असलेलें सायटोक्रोम सी हें द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही आपलें काम करीत असतें, हें त्यांनीं बटाट्यावरील प्रयोगांपासून आरंभ करून दाखविलें. चाळीसएक पानांचा त्यांचा प्रबंध १९३९ सालीं मान्य झाला. प्रबंधाची जाडी पाहून त्याचें वजन ठरविणाऱ्या आपल्या परीक्षकांनीं ही पानांची संख्या लक्षांत ठेवावी.

परत आल्यावर दिल्लीचें लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषणसंशोधनशाळा येथें काम करून त्या १९४७ सालीं विवाहानंतर कमला सोहोनी म्हणून मुंबईस आल्या आणि विज्ञानसंस्थेच्या जीवरसायनशाखेंत शिकवूं लागल्या. पुढें त्या संस्थेच्या संचालक झाल्या. नीरा, ताडगूळ, कडधान्यें, तांदुळाचें पीठ असे गरीब माणसाच्या ताटांतले विषय त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना दिले. त्यांतला एक विषय वालाचा होता. वाल भिजवावे, मोड आणावे, सोलावे आणि शिजवावे, मगच त्यांचें बिरडें होतें, ही रीत आपल्या घरोघरीं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या अन्नधान्यांतील प्रथिनें पचूं न देणारीं द्रव्यें शोधावयास घेतलीं. वाल आणि डबल बी यांतून अशीं द्रव्यें त्यांनीं स्फटिकरूपानें वेगळीं केलीं, आणि तें काम १९५५ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत छापून आलें. हीं द्रव्यें ज्याचें काम अडवून धरतात तें पाचक द्रव्य म्हणजे ट्रिप्सिन. ज्याच्या साहाय्यानें हॉपकिन्स आणि कोल यांनीं १९०१ सालीं दुधांतलें केसीन फोडलें होतें तेंच.